घटातले जव

घटस्थापनेला ओल्या मातीचा वास आला की मुलुंडचा आमचा कारखाना आठवतो. बियाण्याचे जव काढायचं एक जुनं कापणी-मळणी यंत्र पंजाबहून दुरुस्तीला आलं होतं. चाचणीत दाण्यांना कुसळं राहत होती, म्हणून मी कणसं झोडणाऱ्या ड्रमखालची फट आवळत गेलो. दाणे मोत्यासारखे निघाले. "झकास रे!" फोरमन म्हणाला. फट तेवढीच राहावी म्हणून नटावर लाल खूण करून मी यंत्र पंजाबला धाडलं. चाचणीत निघालेलेच मूठभर जव बायकोनं घटात पेरले. एकही कोंब आला नाही. हळूच उकरून बघितलं, तर प्रत्येक दाण्याचं कोंब फुटायचं टोक ठेचलेलं. "हातगुणच वाईट हिचा," आई म्हणाली. दोष मी आवळलेल्या फटीचा, हे मी आईला सांगितलं नाही, फट सैल करा असं पंजाबलाही पत्र टाकलं नाही. बायको आता सत्तरीची आहे. अजून ती घटाला हात लावत नाही.