थांबाजींच्या ओट्यावरची अर्धी दाढी

जळगाव जामोदच्या बाजारात एक न्हावी होते. ते गिऱ्हाइकाचा एकच गाल करीत आणि वस्तरा पुसून बाजूला ठेवून देत. बाजाराच्या दिवशी दुपारी त्यांच्या ओट्यावर एक गाल गुळगुळीत आणि एक खुंटांनी भरलेला अशी पाच-सहा मोठी माणसे खुशाल गप्पा मारताना दिसत. नव्या माणसाला वाटे, एक तर न्हावी वेडा असावा, नाहीतर गिऱ्हाइके. "थांबा जी, थांबा जी," असे ते येताजाता म्हणत, म्हणून सारा गाव त्यांना थांबाजीच म्हणे.

मी तेव्हा तहसील कचेरीत कारकून होतो. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेले होते, दारूच्या ठेक्याचे कागद आमच्याच कचेरीतून हलत, आणि त्या ठेक्याचा मी एकनिष्ठ आश्रयदाता होतो. बायको मुलीला घेऊन देऊळघाटला माहेरी निघून गेली होती. सासऱ्यांचे पत्र आले होते, 'दिवाळीपर्यंत शुद्धीवर राहिलात तर आणून सोडतो. नाहीतर तिची वाट पाहू नये.' ते पत्र मी खिशात घेऊन हिंडत होतो आणि खिशात असतानाच पीत होतो.

एका बाजारी ठेक्याकडे निघालो असता, निदान माणसासारखे दिसावे म्हणून आधी दाढीला बसलो. थांबाजींनी माझे थरथरते हात पाहिले, श्वासाचा वास घेतला, डावा गाल चकचकीत केला आणि ते शेजारच्याशी बोलू लागले.

"अहो, उजवा राहिला!" मी ओरडलो.

"राहू द्या जी. घाई हाय काय? कुठं जाचं हाय?"

ओट्यावरची सगळी अर्धी तोंडे माझ्याकडे पाहून हसली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही सगळी दारू सोडलेली, सोडू पाहणारी माणसे होती. ठेक्याची फळी दिवेलागणीला पडे, ठेका बंद होई, आणि तोवर अर्ध्या दाढीने उठून भर बाजारातून तिकडे जाण्याची कोणाची छाती नव्हती. फळी पडली की थांबाजी भराभर सगळ्यांचे उरलेले गाल उरकून टाकीत.

तोवर जो तो आपली फजिती सांगे. सुरुवात थांबाजी स्वतःपासून करीत. पिऊन लग्नाला गेले आणि दाढी करता करता नवरदेवाची एक भिवई साफ उडवली, ही गोष्ट मी त्यांच्या तोंडून दर बाजारी ऐकली. "पोरगं एका डोयानं रागावलं, एका डोयानं नाई," असे म्हणून ते आधी स्वतःच हसत. मग हळूच सांगत, "तवापासून मले लग्नाले कोनी बलावत नाई."

शपथेला मात्र त्यांची सक्त मनाई होती. मी एकदा भावनेच्या भरात मुलीच्या गळ्याची शपथ घ्यायला निघालो, तर त्यांनी साबणाचा ब्रश माझ्या तोंडावर फिरवला. "लेकराले काऊन मधात आनता जी? शपथ मोडली का लाज येते, अन् लाज आली का घसा सुकते. आज फळी पडेस्तवर बसा, झालं." ओट्यावर शंभर एकरांचे पाटीलही असत आणि जिनिंगमधला हमालही. पाटलांना खुर्ची हवी असे. थांबाजी म्हणत, "अर्ध्या दाढीत कोनी पाटील नसते जी. सरका."

दिवाळीच्या आधीच्या बाजारी मी असाच ओट्यावर बसलो होतो. समोर सर्व्हिस मोटार थांबली आणि सासरे उतरले, मागून बायको, मुलगी. जावयाचे ते सोंग पाहून सासऱ्यांचा चेहरा पडला. ते तडक ओट्यावर आले आणि चारचौघांत त्यांनी माझे तोंड हुंगले. एकदा, पुन्हा एकदा. वास नव्हता.

"उरलेली करून या," ते म्हणाले. "आम्ही घरी जाऊन बसतो."

त्या दिवशी ठेका उघडा असताना थांबाजींनी माझा दुसरा गाल केला. त्या माणसाने माझे घर मला परत दिले, याहून वेगळे मला काही म्हणता येत नाही.

पुढे माझी मेहकरला बदली झाली. निरोप घ्यायला गेलो तेव्हा मी रडकुंडीला आलो होतो. "तिथे माझं कोण आहे?"

"हुडका जी. ठेक्यापुढून जो मानूस जाते, वापस येते, पुन्हा जाते, तो आपला. त्याले च्या पाजा."

मेहकरच्या पहिल्या बाजारी मी इमानाने तसा माणूस हुडकायला निघालो. ठेक्यापुढून एकदा गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. तिसऱ्या फेरीला कोणीतरी माझा दंड घट्ट धरला. एक शेतकरी होता, खांद्यावर भाजीची पिशवी.

"बाबूजी, तिसऱ्यांदा जाऊन राह्यले तुमी. मी बी असाच फिरत होतो. चाला, च्या पिऊ."

'अहो, मीच तुम्हाला शोधतोय,' असे अगदी ओठांवर आले होते. पण ते तसेच गिळून मी त्याच्याबरोबर चहाला गेलो. त्या तिसऱ्या फेरीला मी माणूस शोधत होतो की ठेक्याचे दार, हे माझे मलाच ठाऊक नव्हते.