कागदावरचा दिवसभराचा पेशंट

नेब्रास्कातल्या एका इस्पितळात नर्स वर्लीन पेशंटच्या नोंदी तपासायची. ऑर्विल श्मिट हर्नियाच्या ऑपरेशननंतर संध्याकाळीच घरी जायचे होते, पण धाप लागली म्हणून दोन रात्री राहिले. कागदावर मात्र ते अजून ॲडमिट न केलेले, दिवसभराचेच पेशंट होते आणि आता घरी न्यायला आलेली मुलगी त्यांना बूट चढवत होती.

वर्लीनने डॉक्टरांना फोन लावला. "यांना आत्ताच ॲडमिट करा. एकदा बाहेर पडले की कागदावरचा 'दिवसभराचा पेशंट' हा शेरा बदलता येणार नाही."

"अहो, खाट तीच, औषधं तीच! शेऱ्याने काय होतंय?"

"दिवसभराचा पेशंट समजून कुणी नीट तपासलंच नाहीये. तुम्ही या तरी!"

डॉक्टर कुरकुरतच आले. त्यांनी छाती तपासली. फुफ्फुसात पाणी झालं होतं.

"बूट काढा," म्हणत त्यांनी ॲडमिटच्या कागदावर सही केली. वर्लीन वाकून स्वतःच ऑर्विलचे बूट काढायला लागली.