देवीच्या पत्रिकेचा बहावा

घणसोली गावात आमच्या शेजारच्या खोलीत वैजयंती राहायला आली ती ब्याण्णव साली, बार्शीहून. नवरा तुर्भ्याच्या कारखान्यात आणि हिला कात्रीचा नाद. लग्नपत्रिकांचे चमकीचे, मखमली, फुलाफुलांचे कागद कापायचे आणि पुठ्ठ्यावर चिकटवून त्यांची झाडं करायची. खोडाला लाकडाचा भुसा, खाली खाडीकाठच्या तिवरांची सुकलेली पानं, वरून पोस्टर कलरचा हात. मी तोंडावर म्हणायचे, "हौसेला मोल नसतं बाई, पण जागा लागते. एवढ्याशा खोलीत झोपता कुठे?" ती हसायची आणि पुढचं पान कापायची.

गावात लग्नं उदंड, त्यामुळे पत्रिकाही उदंड. पण वर गणपती छापलेला, म्हणून कुणी त्या कचऱ्यात टाकत नाही. वैजयंतीनं तोड काढली. गणपती आधी अलगद कापून विसर्जनाला बाजूला ठेवायचा, उरलेला कागद आपला. मग काय, लोक आपणहून गठ्ठे आणून देऊ लागले.

घरमालकीण गोजराबाईंच्या रूपेशचं लग्न ठरलं आणि घरात साफसफाई निघाली. त्यांची लेक नमिता जुन्या पत्रिकांचा गठ्ठा वैजयंतीला देऊन गेली. त्यात एका पत्रिकेला सढळ हातानं हळद लावलेली. तो पिवळा रंग बघून ही हरखलीच. बारीक पाकळ्या कापून तिनं अख्खा बहावा फुलवला. वाशीच्या एका महिला मंडळाच्या प्रदर्शनात तिचं पहिलंवहिलं चित्र लागायचं होतं, ते हेच.

संध्याकाळी गोजराबाईंच्या घरात शोधाशोध. छापून आलेली पहिली पत्रिका एकवीरा आईची. ती हळद लावून देव्हाऱ्यात ठेवलेली. नमितानं देव्हारा पुसताना ती गठ्ठ्यावर ठेवली आणि गठ्ठ्याबरोबरच देऊन टाकली.

हे वैजयंतीच्या कानावर आलं तेव्हा बहावा चिकटवून झालेला होता. देवीचं आमंत्रण कात्रीनं कापलं, तेही लग्न तोंडावर आलेलं असताना. उद्या नवरानवरीला नुसती ठेच लागली तरी गाव हिच्याकडेच बोट दाखवणार. मी म्हटलं, "गप्प बस, पत्रिका सापडली नाही म्हणून सांग." तिनं माझं ऐकलं नाही. चित्र उचललं आणि सरळ गोजराबाईंच्या दारात उभी राहिली.

"मावशी, देवीची पत्रिका माझ्या हातून कापली गेली. ही बघा."

गोजराबाईंनी फुलांवरून बोट फिरवलं. "ही सगली फुलां तिचीच?"

"होय."

"मंग आईला फुलां वायलीस. आमंत्रन पोचलं."

नमिता पुटपुटली, "आये, पन लग्नाच्या घरात असं..."

"तू गप. दिली कोनी?"

गोजराबाईंनी चित्र देवीपुढे ठेवलं. प्रदर्शनाबद्दल वैजयंतीनं चकार शब्द काढला नाही. रविवारी वाशीला तिची जागा रिकामी राहिली. माझाच जीव चुटपुटला, तिला मात्र त्याचं काही नव्हतं. "एवढ्यावर निभावलं, मावशींचे उपकार," म्हणाली.

पण गावात कुजबुज व्हायची ती झालीच. हळदीच्या दिवशी मांडव बायकांनी भरलेला. वैजयंती मागे, माझ्या आडोशाला बसलेली. रूपेशला पहिली हळद कोण लावणार म्हणून सगळ्या वाट बघत होत्या, तेव्हा गोजराबाई गर्दीतून वाट काढत आल्या आणि हळदीची वाटी तिच्या हातात दिली.

"मावशी, मी नको," वैजयंती वाटी परत करू लागली. "माझ्याच हातांनी कापली ना."

"म्हनूनच तुझा हात पयला," गोजराबाई म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "ऊठ पोरी, भाऊ थांबलाय."