अळवाच्या वावरातलं ग्रहण

मानोंगीच्या हातात कोयता दिसला नाही तर ती आजारी आहे असं समजावं, असं माताफोऊ गावात म्हणतात. म्हणायला आता एकवीसच जण उरलेत. प्रशांत महासागरातल्या नियुए बेटाच्या पूर्वेच्या कडेचं हे गाव. बाकीच्या घरांना कुलपं. कुणी नोकरीपायी पश्चिमेला बोटींच्या धक्क्याजवळ राहायला गेलं, कुणी थेट न्यूझीलंडला. मानोंगीची तिन्ही मुलंही तिकडेच. नवरा जाऊन सात वर्षं झाली. सत्तावन्नाव्या वर्षी ती खडकांच्या बेचक्यांतली माती शोधून अळू लावते, आठवड्यातून दोनदा पहाटे बाजारात नारळाच्या दुधात शिजवलेले अळकुडी-पपईचे थर विकते, आणि लेपेकाआत्याला सांभाळते. "आत्याच मला सांभाळते," असं ती चारचौघांत म्हणते. ऐंशी वर्षांच्या आत्याला ते मनापासून पटलेलं आहे.

बेटावर प्रत्येक गावाला वर्षातला एक दिवस आपल्या जत्रेचा असतो. माताफोऊची जत्रा दोन वर्षं भरलीच नव्हती. यंदा पाद्रीबुवा म्हणाले, "रविवारपर्यंत दहा घरांनी जेवणासाठी जमिनीतली भट्टी लावायचं कबूल केलं तर भरवू, कुलूप उघडून लावली तरी चालेल. नाहीतर आपला दिवस शेजारच्या गावाला देऊन टाकू. उगाच ओढायचं किती?"

मानोंगीकडे चार नावं होती. पाचवं सुचत नव्हतं. तेवढ्यात गुरुवारी चंद्रग्रहण असल्याचं कळलं, आणि पश्चिमेला गेलेल्या गावकऱ्यांना परत इथे आणायचं निमित्त तिला सापडलं.

ग्रहण बघायचा कार्यक्रम सरकारी कचेरीतला विलितामा करणार होता, धक्क्यावर. तिचा चुलतभाऊ, त्यामुळे ती सरळ त्याच्या टेबलापाशी जाऊन बसली.

"विली, चंद्र कुठून उगवतो रे?"

"ताई, सकाळी सकाळी परीक्षा?"

"सांग तरी."

"पूर्वेकडून."

"आणि तुझा धक्का कुठे आहे? गुरुवारी चंद्र उगवेल तोच काळवंडलेला. तुमच्या डोक्यावर कडा, कड्यावर रान. रानाच्या वर येईस्तोवर अर्धं ग्रहण उरकलेलं असेल. माझं वावर थेट समुद्रावर उघडं आहे. तिथे आणा सगळ्यांना."

विलितामा हसला. "अगं, धक्क्यावर दिवे आहेत, खुर्च्या आहेत. सूर्यास्त, देवमासे, बोट, आपण सगळं तिथूनच बघतो. तुझ्या गावात कोण येणार? एकवीस डोकी, त्यातली चौदा डुकरांची."

"दिवे? ग्रहण बघायला दिवे?" ती उठली. "भूक लागली की ये. भट्टी लावतेय."

या वावरात सहा रोपं तिनं जत्रेतल्या सर्वांत मोठ्या अळकुडीच्या बक्षिसासाठी राखली होती. माणसं आली तर पाय पडणारच. बुधवारी दिवसभर ती ओळींमध्ये नारळाच्या झावळ्या अंथरत होती. त्या सहा रोपांना तिनं पांढऱ्या चिंध्या बांधल्या.

"जत्राच नाही, आणि बक्षिसाची रोपं जपतेय," आत्या म्हणाली.

"जपू दे की."

"मी कुठे नको म्हटलं? गाठ घट्ट मार."

गुरुवारी संध्याकाळी वावरात गावातलीच अकरा जणं होती. भट्टीत साठ जणांचं अन्न. सूर्य मागे रानाआड गेला, चंद्र उगवायची वेळ झाली आणि टळली. समुद्रावर नुसती करडी धूळ पसरल्यासारखं. दहा मिनिटं, वीस मिनिटं. कुणीतरी मोबाइल उघडून वेळ पाहिली.  आपलंच चुकलं असेल तर? उद्या विली सगळ्या बेटाला सांगत सुटेल.

"ते डबडं बंद कर आधी," आत्या ओरडली. "डोळे दिपवून घेतात आणि म्हणतात दिसत नाही. पाण्याच्या वर वीतभर बघा. ती काय, निखाऱ्यातून काढलेली अळकुडी."

होता. मळकट तांबडा, कडा नसल्यासारखा, केव्हाचा तिथे येऊन बसलेला. अंधार वाढला तसा तो उमटत गेला.

तेवढ्यात विलितामाचा फोन. "ताई, इथे सगळे मान वाकडी करून झाडं बघतायत. तुझ्याकडे दिसतोय?"

"दिसतोय. गाड्यांचे दिवे गावाच्या वेशीपाशीच बंद करा, चालत या. विजेरी असेल तर तिच्यावर लाल फडकं बांधा. आणि पांढऱ्या चिंधीवर पाय पडला तर त्याला जेवण नाही."

पंधरा मिनिटांत धक्क्यावरची माणसं आली. चाचपडत, हसत, एकमेकांच्या पाठीला धरून. झावळ्यांवर बसली. चेहरा कुणाचाच दिसत नव्हता. वर नेहमी पौर्णिमेच्या उजेडात बुडणारे तारे खच्चून भरले होते. पानांतून गरम अन्न हातोहात फिरू लागलं.

अंधारातून एक पुरुषी आवाज आला, "हे आमच्या आजोबांचं वावर ना? इथे मी खेकडे पकडलेत."

"पकडलेस कसले, ते तुलाच पकडायचे," आत्या म्हणाली. मग आवाज चढवून विचारलं, "यंदा जत्रेला भट्टी कोण लावणार? हात वर करू नका, दिसत नाहीत. तोंडानं नाव सांगा."

 खाली कड्यावर लाट फुटल्याचा आवाज आला. मानोंगीनं नावं मोजायला मूठ मिटून धरली.

"इकितुलेचं घर," मघाचा आवाज म्हणाला.

मग एक बाई. मग दोन भाऊ, वेगवेगळ्या कोपऱ्यांतून. मग अगदी मागून कुणीतरी, "आमचं लिहा, पण भट्टी पेटवायला शिकवावं लागेल."

मानोंगीनं बोटं मोजली. पाच आणि तिची चार. नऊ. तिनं थोडा वेळ वाट पाहिली. दहावं आलं नाही.

चंद्राच्या कडेला पांढरी रेघ उजळली, ओरडा झाला, आणि हळूहळू माणसांना चेहरे परत मिळाले. मंडळी गाड्यांकडे निघाली. विलितामा खुर्च्या नसतानाही खुर्च्या आवरायच्या असल्यासारखा घुटमळत होता.

"ताई, दहावं माझं लिही. आईचं इथलं बंद घर उघडावं लागेल पण. छपराचं काही सांगता येत नाही."

"मघाशी का नाही बोललास?"

"आत्यानं आवाज ओळखला असता."

"ओळखलाच असता," आत्या झावळीवरूनच म्हणाली. "म्हणून तर तिघांनी आवाज बदलून सांगितलं. सगळे माहीत आहेत मला. रविवारी तूच जा पाद्रीबुवांकडे."

"मी?"

"मग काय डुकरं जातील?"

शुक्रवारी उजाडल्यावर मानोंगी वावरात गेली. चिंध्या बांधलेल्या सहांपैकी दोन रोपं मुळापाशी मोडली होती. तिनं ती उपटली, अळकुड्या टोपलीत टाकल्या, शेंडे छाटले आणि त्याच खड्ड्यांत परत खोचले. मग टोपली घेऊन ती विलितामाच्या आईच्या घराकडे वळली. छपराचं काय झालंय ते बघायचं होतं.