खळ न धरणारं सूत

हे मी कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही. पुढं ज्यांना वर्षानुवर्षं लोकर, कापूस, रेशीम आणि कृत्रिम धागा ओळखायला शिकवलं, त्या विद्यार्थ्यांजवळ तर नाहीच. तुम्हाला सांगतोय — आणि सांगताना राग येतोय. कुणाचा? कळेल.

बाहत्तरच्या दुष्काळानं माणसं बदलली, असं आमच्याकडं सर्रास म्हणतात. काहीही विचारा — दुष्काळ होता! मला या उत्तराची चीड येते. विहिरी दुष्काळानं आटल्या, मेंढरं दुष्काळानं मेली. पण खोटं बोलायला दुष्काळाला तोंड होतं का?

मी येरमाळ्याजवळच्या एका वस्तीवरचा. घराण्यातला पहिला बी.एस्सी. बेंबळीच्या बाजूला घोंगडी विणणाऱ्यांची एक सहकारी सोसायटी होती. तिच्या चेअरमननी — सगळे त्यांना अण्णा म्हणत — मला सूत तपासायला ठेवून घेतलं. वडील अण्णांच्या पाया पडले. मीही पडलो. तो उपकार खराच होता. त्याच्याआड मी लपलो, हे मात्र माझं मी केलं.

काम सोपं. धाग्याचं टोक पेटवायचं. कापूस कागदासारखा जळतो, मागं मऊ राख. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि उरलेलं बोटांत चुरगळतं. कृत्रिम धागा वितळतो, टोकाला कडक मणी धरतो. कॉलेजात हे शिकताना वाटायचं, आता मला कुणी फसवू शकणार नाही. मीच फसवीन, हे कुठं ठाऊक होतं?

मेंढरं मेल्यावर गावची लोकर संपली. अण्णांनी बाहेरून तयार सूत आणून विणकरांना वाटलं. काही महिन्यांनी घोंगड्यांचा एक गठ्ठा परत आला — शुद्ध लोकर नाही म्हणून. त्यावर सोपानराव नावाच्या विणकराच्या मागाची खूण होती. यानंच सोसायटीनं दिलेलं लोकरीचं सूत विकलं आणि बाजारचं भेसळीचं सूत घातलं, असं म्हणून अण्णांनी सभा बोलावली. सभासदत्व गेलं तर सूत बंद, आणि सूत बंद तर माग बंद.

सोपानराव मुखदुर्बळ. बोलल्या त्यांच्या बायको, रुक्माबाई. विणण्याआधी धागा ताठ व्हावा म्हणून त्याला चिंचोक्याची खळ चोळतात; ते काम त्यांचं.

"अण्णा, लोकर खळ पिती. तुमचं सूत पीत न्हाय. दोन-दोन डाव लावली, तरी वाळली की कोंड्यावानी झडती. तवाच म्या म्हणलं व्हतं, ह्यात कायतर हाय."

"घ्या! चिंचोकं शिजवणारी आता सायन्स शिकवाया लागली!" अण्णा म्हणाले. लोक हसले.

"शिकवत न्हाय. हातानं चोळलंय, म्हणून सांगते. त्या सायबाला इचारा की. त्यो शिकलाय."

सगळे माझ्याकडं वळले.

आता ऐका. त्याच सकाळी मी गोदामातलं न उसवलेलं गाठोडं फोडून लडी काढली होती, काडी ओढली होती. केसांचा वास जेमतेम — आणि टोकाला काळा मणी. तीन लड्या पेटवल्या. तिन्ही वेळा मणी. भेसळ गाठोड्यातूनच आली होती. आणि खळीचं? कृत्रिम धागा पाणीच शोषत नाही, तो खळ काय धरणार? बाईंनी नुसत्या तळहातानं ओळखलं होतं ते.

मी उभा राहिलो. म्हणालो, "गोदामातलं सूत मी तपासलंय. शुद्ध आहे. खळ हा काही शास्त्रीय पुरावा नाही."

शास्त्रीय! हा शब्द वापरला मी. आईवडिलांनी अर्धपोटी राहून जे शिक्षण दिलं, ते एका बाईचं खरं बोलणं दाबायला वापरलं. अण्णांचा संताप येतो. हसणाऱ्यांचाही येतो — तेच सूत तेही विणत होते, त्यांच्याही घरी खळ झडत होती, तरी हसत होते! पण मणी त्यांनी पाहिला नव्हता. मी पाहिला होता. आणि अण्णांनी मला तसं बोलायला सांगितलंही नव्हतं हो. नुसतं माझ्याकडं बघितलं होतं. तेवढं पुरलं?

पुरलं.

सोपानरावांचं नाव त्याच दिवशी कमी झालं. पुढच्या महिन्यात मी सायकलवरून चाललो होतो, तर नव्या रस्त्याच्या दुष्काळी कामावर दोघं खडी फोडत बसलेली. रुक्माबाईंनी हाक मारली. थांबावं लागलं.

"सायेब, नोकरी पक्की झाली का न्हाय तुमची?"

"झाली."

"बरं झालं. घरी कळवा, त्यास्नी बरं वाटंल," असं म्हणून त्यांनी हातोडा उचलला.

टोमणा नव्हता त्यात. असता तर बरं झालं असतं.

त्या सोसायटीत मी आणखी चार वर्षं राहिलो. ते सूत येतच राहिलं. शुद्ध असल्याच्या दाखल्यावर दर वेळी सही माझी होती.