काळं तेल

पुरानी बस्तीतला वासुदेव वराती-मिरवणुकींसाठी उंटीण भाड्याने द्यायचा. परप्रांतात मराठी माणसाने नोकरी करावी, दुकान टाकावं. हा उंट कसले पाळतो, म्हणून नातेवाईक त्याला 'उंटावरचा शहाणा' म्हणत. त्याला त्याचं काही वाटत नसे. पोटी मूल नव्हतं. उंटीण व्याली तेव्हा त्याने गल्लीभर पेढे वाटले आणि पिल्लाचं नाव ठेवलं नवरदेव.

हौसेला मोल नसतं खरं, पण हौसेने अक्कल गहाण टाकू नये. शहराजवळच्या उरला गावाबाहेर गुजरातेतल्या रबारी मेंढपाळांचा तळ पडला, तसा हा नवरदेवाला मिरवायला तिकडे घेऊन गेला. त्यांच्या उंटांच्या पिल्लांच्या ओठांवर खपल्या होत्या. एका म्हाताऱ्याने लांबूनच 'आणू नको' असा हात केला, पण तोवर पिल्लांनी तोंडाला तोंड लावलं होतं.

थोड्याच दिवसांत नवरदेवाचे ओठ सुजले, फोड आले, त्यांच्या खपल्या झाल्या. दूध ओढताना तो कळवळायचा, तरी ओढायचा. वासुदेवला वाटलं, खरूज. आणि खरजेवर ट्रकचं जळकं ऑइल, हा त्याच्या बापापासूनचा इलाज. गॅरेजातून तो डबा भरून घेऊन आला.

बायको शेवंता म्हणाली, "काहून घाई करून राहिले? पहिले डॉक्टरीनबाईले दाखवा ना."

पण त्या जिवाचे हाल त्याला बघवेनात. त्याने तोंडभर ऑइल चोपडलं.

उंटीण आपलं पिल्लू वासाने ओळखते. संध्याकाळी नवरदेव आचळाशी गेला, तिने त्याला हुंगलं आणि लाथ झाडली. तो परत गेला, तिने परत झाडली. वासुदेवने साबण लावून लावून धुतलं, वास जाईना. बाटलीने पाजायला जावं, तर अर्धं दूध बाहेर. चाटून चाटून ऑइल पोटातही गेलं होतं.

शेवटी जनावरांच्या डॉक्टर संपदाताई आल्या. ही खरूज नव्हे, लहान पिल्लांना एकमेकांपासून लागणारा विषाणूचा रोग आहे, असं त्यांनी सांगितलं. मग म्हणाल्या, "भैया, आईचं दूध मिळत राहिलं असतं, तर हा आपोआप बरा झाला असता."

"मंग आता घेईन ना त्याची माय त्याले जवळ?" वासुदेवने विचारलं.

त्यांनी सलाइन लावलं.

नवरदेव गेला. खड्ड्यात ठेवण्याआधी शेवंताने ओल्या फडक्याने त्याचं तोंड पुसलं. काळ्या खपल्या फडक्याबरोबर अलगद निघून आल्या. खाली नवी, कोवळी, गुलाबी कातडी आली होती. वासुदेवने ती बोटाने चाचपून पाहिली.