वर्लनचं दरवर्षीचं मरण

आमच्या नॉर्थ कॅरोलायनातल्या खाडीकाठच्या गावात दर मार्चला यादवी युद्धातली जुनी लढाई पुन्हा खेळतात. वर्लन गॅस्किल, धंदा बोटी दुरुस्तीचा आणि ऐट सेनापतीची, कित्येक वर्षं दक्षिणेचा राखाडी गणवेश घालून लढतोय. लढतोय कसला! पहिला बार उडाला की ओकच्या सावलीत, बिअरच्या पेटीशेजारी धारातीर्थी पडतो. त्याचे खापरपणजोबा म्हणे असेच पडले.

उत्तरेचा निळा गणवेश इथं कुणालाच नको असतो, म्हणून चिठ्ठ्या टाकतात. यंदा निळ्याची चिठ्ठी वर्लनला निघाली. सुतकी चेहऱ्यानं त्यानं तो चढवला. बार उडाला आणि सवयीनं गडी सावलीत आडवा! त्याला बघून बाकीचे निळेही पटापट पडले. हरायला आलेले राखाडी बंदुका धरून नुसतेच उभे.

मी तिथंच मासे तळत होते. माझी खापरपणजी या वर्लनच्याच खापरपणजोबांची गुलाम. खऱ्या लढाईत त्या दिवशी निळे जिंकले म्हणून ती सुटली. यांच्या खेळात ती कधीच नसते.

झारा हातात घेऊनच मी गेले.

"ऊठ रे मेल्या! तू असा लोळत पडलास तर माझी खापरपणजी सुटायची कशी?"